गेटवर उघडलेली पिशवी

आमच्या गल्लीत मुलींना एक गोष्ट कुणी न शिकवता येत असे. रस्त्यात काहीही झालं तरी ते घरी आणायचं नाही.

समोरच्या घरातली मुलगी नववीत होती. एका मुलाने तिची ओढणी ओढली आणि तिने ते आईला सांगितलं. आईने वडिलांना सांगितलं. वडिलांनी चार माणसं गोळा केली आणि त्या मुलाच्या दोन थोबाडीत दिल्या. सगळी गल्ली म्हणाली, बाप असावा तर असा. पुढच्या सोमवारपासून मुलीची शाळा बंद झाली आणि उन्हाळ्यात तिला गावी नेऊन उजवलं. तिचं वय लग्नाचं नव्हतं, पण तेवढं कोण बघतं? मुलगा काही दिवस गाल चोळत फिरला आणि मग परत त्याच कट्ट्यावर येऊन बसला. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती, आणि गल्लीला मात्र न्याय झाल्यासारखं वाटत होतं. आम्ही मुली तेव्हापासून तोंड शिवून टाकल्यासारख्या गप्प झालो.

मी अकरावीला गेले तेव्हा हे सगळं मला पाठ होतं.

येरवड्यात तुरुंगाच्या भिंतीपासून थोडं पुढे आमची खोली होती. आईबाबा वाशिमकडचे. लग्नानंतर दोघं पुण्यात आले, बाबा वॉचमन झाले आणि आई एका मेसमध्ये दुपारच्या आणि रात्रीच्या पोळ्या करायला लागली. बाबांनी फार शपथा कधी घेतल्या नाहीत, पण एक घेतली होती. माझी पोरगी लोकांची भांडी घासणार नाही. ती ते इतक्यांदा बोलून दाखवायचे की शेजारच्या बायका, ज्या सगळ्या भांडीच घासत होत्या, कधीकधी चिडायच्या. मी दहावीला चांगले मार्क घेतले आणि सायन्सला प्रवेश मिळवला. बारावीनंतर लॅब टेक्निशियनचा कोर्स करायचा, दवाखान्यात नोकरी धरायची, असं मी ठरवलं होतं. त्या खोलीतून बाहेर पडायला दुसरा दरवाजा मला दिसत नव्हता, आणि हा एक दरवाजा किती पटकन बंद होतो ते मी समोरच्या घरात पाहिलं होतं.

कॉलेज विश्रांतवाडीच्या बाजूला, अर्ध्या तासाच्या वाटेवर होतं. सकाळचं होतं. मी साडेसहाला निघायचे. दिवाळीनंतर एक मोटारसायकल माझ्यामागे यायला लागली.

तो मुलगा कोण हे सगळ्या वस्तीला माहीत होतं, कारण त्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स चौकात लागायचा. डोळ्यांवर गॉगल, हातात मोबाईल, खाली शुभेच्छुकांचे गोल गोल फोटो. त्याच्या काकांचं राजकारणात वजन होतं आणि त्याला स्वतःला जिमखेरीज दुसरं काम नव्हतं. मला रोज त्या फ्लेक्सखालून जावं लागायचं आणि मागून तोच यायचा, एक पाय जमिनीला घासत, माझ्या चालीने गाडी चालवत. तो शिट्टी मारायचा नाही, गाणं म्हणायचा नाही. तसं काही केलं असतं तर बरं झालं असतं असं मला वाटायचं, कारण शिट्टीला निदान लोक वळून बघतात. एक दिवस तो फक्त म्हणाला, "आज उशीर झाला." दुसऱ्या एका दिवशी म्हणाला, "पप्पांची नाइटच चालू आहे ना अजून?"

त्या दिवशी प्रॅक्टिकलला माझ्या हातून परीक्षानळी फुटली आणि बाईंनी विचारलं, लक्ष कुठे आहे? लक्ष कुठे असणार? बाबा रात्री घरी नसतात हे त्याला माहीत होतं. आमच्या दाराची कडी कशी आहे हेही त्याला माहीत असेल, असं मला वाटायला लागलं. संध्याकाळी मी ती कडी दोनदोनदा तपासायचे आणि आई म्हणायची, "काय गं, चोर येते का आपल्या घरी? काय नेईन?"

सांगण्यासारखं कुणी नव्हतं. आईला सांगितलं तर बाबांना कळणार. बाबांना कळलं तर ते चार माणसं गोळा करणार, आणि ती चार माणसं म्हणजे आमच्यासारखीच चार वॉचमन माणसं. पुढे काय होणार ते मला लिहून देता आलं असतं. म्हणून "कॉलेज कसं झालं?" असं आईने विचारलं की मी म्हणायचे, "काही नाही, चांगलं झालं." तोंड दाबून बुक्क्यांचा मार कसा असतो, ते मला तेव्हा कळलं.

आमच्या भिंतीला भिंत लागून एक मावशी राहायच्या. इंदापूरकडच्या, विधवा, आवाज खणखणीत. मी नळावर हंडा भरत होते आणि मागून कुठलीतरी मोटारसायकल गेली तेव्हा माझ्या हातून हंडा सुटला. मावशींनी तो उचलून परत नळाखाली लावला.

"उद्यापास्नं आमच्यासंगं चल," त्या म्हणाल्या. "साडेपाचला निघतो आमी. मी काय इचारत न्हाई, तू काय सांगू नगंस."

एवढंच बोलून त्या गेल्या. मी आईला सांगितलं की सकाळची जादा लेक्चर्स सुरू झाली आहेत.

साडेपाचला आमच्या वस्तीतून दहाबारा बायका एकत्र निघायच्या. सोसायट्यांमधल्या मुलांच्या शाळेच्या बस लवकर येतात, त्यामुळे पहिल्या घरची भांडी आणि डब्यांच्या पोळ्या अंधारातच सुरू कराव्या लागतात. बायका डोक्यावरून पदर किंवा स्कार्फ घ्यायच्या आणि काखेत कापडी पिशवी धरायच्या. मावशींनी मला तसलीच एक पिशवी दिली आणि माझी कॉलेजची सॅक घरी ठेवायला लावली. मी ओढणी डोक्यावरून घेतली आणि घोळक्याच्या मध्ये चालायला लागले. तिथे कुणी मला काही विचारलं नाही. माझ्याआधीही त्या घोळक्यात कुणीतरी अशी चालली असणार, असं मला तेव्हाही वाटलं आणि त्याने धीर यायच्याऐवजी भीतीच वाढली.

पहिले काही दिवस रस्ता मोकळा होता. मग एका पहाटे मागून गाडीचा दिवा आला.

त्यानंतर जे झालं ते मी अजून विसरले नाही. एकही बाई मागे वळली नाही. पण सगळ्या एकदम मोठमोठ्याने बोलायला लागल्या. गॅस सिलेंडर, सुनेची बाळंतपणं, कुठल्या मॅडमची मोलकरीण पळाली, काय वाटेल ते. कुणाचं कुणाला ऐकू येत नव्हतं आणि ऐकायचंही नव्हतं. गाडी आमच्या कडेने हळूहळू पुढे गेली, वळली, आणि दिवा सगळ्यांच्या तोंडावरून फिरला. मी मावशींच्या खांद्यामागे मान घातली होती. माझ्या छातीतले ठोके त्यांच्या आवाजात बुडावेत म्हणून की काय, मावशी मोसंबीच्या भावावर ओरडून बोलत होत्या. गाडी गेली. आवाज एकेक करून खाली आले आणि बायका पुन्हा मुकाट चालायला लागल्या.

पण अडचण पुढे होती. वाटेत एकेका सोसायटीच्या गेटवर एकेक बाई कमी व्हायची आणि घोळका पातळ व्हायचा. कॉलेज उघडायला अजून तास असायचा. मी बंद फाटकासमोर उभी राहिले असते तर सगळं व्यर्थ होतं. मावशींनी त्यावरही उपाय काढला. त्या ज्या सोसायटीत कामाला होत्या तिथल्या मॅडमना त्यांनी सांगितलं की भाची मदतीला येते आहे. माझा फोटो लावून गेटचं कार्ड निघालं आणि त्याच्यावर छापलं होतं, घरकाम. ते कार्ड गळ्यात घालून मी आत जायचे, पार्किंगमध्ये मीटरच्या पेट्यांखाली ट्यूबलाइट होती तिथे बसायचे आणि भौतिकशास्त्राचं पुस्तक उघडायचे. डोक्यावर कॅमेरा, समोर गेट, भोवती भिंत. इतकं सुरक्षित मला घरीही वाटत नव्हतं. मावशींचं पहिलं घर आटोपलं की आम्ही दोघी बाहेर पडायचो, मावशी पुढच्या कामाला आणि मी रस्ता ओलांडून कॉलेजला. कॉलेजची वेळ झालेली असायची. दुपारी परतताना रस्ता माणसांनी भरलेला असायचा.

त्या सोसायटीची एक पद्धत होती. ती बहुतेक सगळ्याच सोसायट्यांची आहे आणि तिथे राहणाऱ्यांना तिच्यात काही वावगं वाटत नाही. कामाच्या बायका आत जाताना कार्ड बघतात, आणि बाहेर पडताना पिशवी. गेटजवळ एक टेबल असतं, बायका रांगेने पिशव्या उघडून दाखवतात. उरलेली भाजी चालते. जुनी साडी किंवा मुलाचा शर्ट असेल तर वरून मॅडमचा फोन यावा लागतो. रात्रीच्या गार्डने माझी पिशवी पहिल्या दिवशी बघितली, पुस्तकं पाहून हसला आणि म्हणाला, शिक शिक. नंतर तो बघायचाही नाही.

जानेवारीतली गोष्ट असेल. मावशींना उशीर झाला होता आणि आम्ही बाहेर पडायला गेटवर आलो तेव्हा सातची ड्युटी बदललेली होती. दिवसाचा गार्ड आला नव्हता, म्हणून एजन्सीने दुसऱ्या सोसायटीतून एका माणसाला रात्रपाळीवरून सरळ इथे डबल ड्युटीला पाठवलं होतं. रांग पुढे सरकली तेव्हा मला टेबलामागचा माणूस दिसला. निळा शर्ट, बाहीला एजन्सीचा बिल्ला, झोप न झालेले डोळे. ते माझे बाबा होते.

मागे जायला जागा नव्हती. मावशींनी माझा हात धरला आणि सोडला. बाबांनी त्यांची पिशवी पाहिली, आणि मग त्यांच्यासमोर मी होते. डोक्यावर ओढणी, काखेत कापडी पिशवी, गळ्यात माझ्या फोटोचं कार्ड. बाबांनी कार्ड वाचलं. त्यांना मराठी सावकाश वाचता येतं आणि त्या दिवशी तर फारच वेळ लागला. शेजारी सुपरवायझर उभा होता, मागे बायका होत्या, फिरायला निघालेले दोन काका बुटाच्या नाड्या बांधत होते.

"पिशवी," बाबा म्हणाले. रांगेतल्या प्रत्येक बाईला म्हणत होते तसंच.

मी पिशवी टेबलावर ठेवली. त्यांनी ती उघडली. आईने दिलेला डबा, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, प्रॅक्टिकलचं जर्नल. त्यांचा हात जर्नलवर थांबला आणि तिथून हलेना. पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं. माझं कॉलेज त्या टेबलावर उघडं पडलं होतं आणि ते बंद करणारा माणूस समोर उभा होता.

"काय आहे?" सुपरवायझरने विचारलं.

"पुस्तकं हायेत, साहेब."

"पुस्तकं? वरच्या पोरांची असणार. कुठल्या फ्लॅटमधून आणली गं? फोन लावा त्या मॅडमना."

फोन लागला असता तर माझं जे व्हायचं ते झालंच असतं, पण मावशींचं कामही गेलं असतं. खोटी भाची, खोटं कार्ड, आणि वर चोरीचा आळ. मला बोलायचं होतं.

"फोन नोको, साहेब," बाबा म्हणाले. "माह्या पोरीचे हायेत."

"तुमच्या पोरीचे? मग हिच्याकडे कसे?"

"हेच माही पोरगी हाये. अकरावी सायन्सले हाये."

सुपरवायझरने माझ्या कार्डाकडे पाहिलं, मग बाबांच्या बिल्ल्याकडे. "वा," तो म्हणाला. "म्हणजे आता सायन्सवाल्या भांडी घासतात. प्रगती आहे." नाड्या बांधणाऱ्या काकांपैकी एक हसले. ज्या माणसाने आयुष्यभर एकच शपथ सांगितली होती तो भर गेटवर ते ऐकत उभा राहिला आणि त्याने पुस्तकं होती त्या क्रमाने परत पिशवीत भरली.

"जाय," ते मला म्हणाले.

मी कॉलेजला गेले. का गेले ते मला सांगता येणार नाही, बहुधा शेवटचा दिवस म्हणून. दिवसभर मी बाकांकडे, फळ्याकडे, लॅबमधल्या बाटल्यांकडे बघत बसले. संध्याकाळ होऊच नये असं वाटत होतं.

बाबा डबल ड्युटी करून आले तेव्हा आई मेसला गेली होती. ते भिंतीला टेकून बसले आणि त्यांनी बूटही काढले नाहीत.

"भांडे घासतं का तू तिथी?"

"नाही."

"मंग?"

ते माझ्याकडे बघत राहिले. माणूस काय लपवतो आहे हे बघण्याचंच त्यांचं काम होतं, इतकी वर्षं.

"रस्त्यात कोनी हाये का?"

माझ्या हनुवटीने दगा दिला. ती थरथरायला लागली. बाबा उठले. मला वाटलं, आता चालले चार माणसं गोळा करायला. मी दारात जाऊन उभी राहिले आणि दोन्ही हातांनी चौकट धरली. ते माझ्यापर्यंत आले आणि थांबले.

"नाव नोको सांगू," ते म्हणाले. "आयकलं का? मले नाव सांगूच नोको. मले समजलं तं मले काहीतरी करा लागन. आन् मी काही केलं तं तुहं कॉलेज जाईन."

मग ते खाली बसले आणि त्यांनी बूट काढले. तो माणूस इतका घाबरलेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. माझे वडीलही घाबरतात, हे कळल्यावर मला धीर यायला हवा होता. मला रात्रभर झोप आली नाही.

त्यांनी एजन्सीच्या माणसाच्या विनवण्या करून स्वतःला त्या गेटवर दिवसपाळीला लावून घेतलं. त्या सुपरवायझरच्या हाताखाली, मुद्दाम. ड्युटी सातला असायची पण ते साडेपाचला निघायचे. बायकांचा घोळका पुढे आणि थोडं अंतर ठेवून मागे हातात सायकल धरून ते. पूर्ण युनिफॉर्म, खिशात शिट्टी. माझ्याबरोबर ते एक दिवसही चालले नाहीत. बाप मुलीला सोडायला जातो असं दिसलं असतं तर का सोडायला लागतं असा प्रश्न आला असता, आणि मग उत्तर. असं ते फक्त ड्युटीला चाललेले होते. सात वाजून गेले की गेटवर मी माझी पिशवी टेबलावर ठेवायची, ते उघडायचे, बघायचे आणि म्हणायचे, "जाय." आईला शेवटपर्यंत जादा लेक्चर्सच माहीत होती.

गाडी तरीही कधीकधी यायची. बायका जोरजोरात बोलायला लागायच्या आणि गाडी आम्हाला ओलांडून मागे बाबांपाशी जायची. "काय काका, ड्युटी?" असा आवाज मला ऐकू यायचा. आणि बाबांचं उत्तर, "हो भाऊ." बाबांना कळलं तर, या भीतीला आता तो बाबांना काही करेल ही दुसरी भीती येऊन मिळाली होती. त्यांना काहीच माहीत नाही आणि ते त्याला भाऊ म्हणतायत, याची मला लाजही वाटायची. बारावीचा शेवटचा पेपर होईपर्यंत हे असंच चाललं.

मी टेक्निशियन झाले. आता एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासते, विश्रांतवाडीत दोन खोल्यांचा फ्लॅट आहे आणि हप्ते माझ्या पगारातून जातात. आई वारली, बाबा माझ्याकडे असतात. शिकलं की भीती जाते असं भाषणांत सांगतात. गरिबी गेली, ते खरं आहे. भीतीचं मला अजून सांगता येत नाही.

मागच्या महिन्यात बाबांच्या मोतीबिंदूची पट्टी काढून आम्ही रिक्षाने परत येत होतो. जुन्या चौकात सिग्नलला रिक्षा थांबली. वर फ्लेक्स होता. गॉगल गेला होता, आता पांढरा कुर्ता आणि जोडलेले हात होते. आपला हक्काचा माणूस, असं खाली लिहिलं होतं. बाबा नव्या डोळ्याने तो वाचत होते, पूर्वीसारखेच सावकाश.

"आता तं नाव सांग," ते म्हणाले. "आता काही तुहं कॉलेज बंद होत नाही."

मी समोर सिग्नलकडे पाहिलं. "आठवत नाही, बाबा."

"मले आठवते," ते म्हणाले. त्यांनी फ्लेक्सवरून नजर काढली नाही. "गाडी आली का तुमच्या साऱ्या बाया जोरजोरानं बोलाले लागत. मले पयल्याच आठवड्यात समजलं होतं."

"मग तुम्ही त्याला भाऊ म्हणायचात?"

"रोज म्हटलं. तुही परीक्षा झाली, मंग सोडलं."

सिग्नल सुटला आणि रिक्षा निघाली. थोडं पुढे गेल्यावर मागून एक मोटारसायकल आली आणि आमच्याजवळ हळू झाली. आम्ही दोघंही एकदम मोठ्याने बोलायला लागलो.